आडोशाचे अंतर : ट्रायॅथलॉनच्या सायकलशर्यतीतील एक वाद

१. कानपूर रस्त्यावरील अनुभव

लखनौहून कानपूरकडे जाणारा हमरस्ता शहराच्या नैर्ऋत्येस सरोजिनी नगरातून जातो. स्कूटर्स इंडियाचा कारखाना याच भागात होता. तो बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. कामाला सायकलीवरून जाणारी माणसे मात्र या रस्त्यावर आजही दिसतात. चैत्र-वैशाखात पश्चिमेकडून तापलेला वारा सुटला, म्हणजे कानपूरच्या दिशेने जाणाऱ्यांना तो तोंडावर घ्यावा लागतो. इकडील लोक त्याला पछुवा म्हणतात. अशा वेळी एखादा सरावलेला सायकलस्वार भुशाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागोमाग आपली सायकल नेतो. पाहता पाहता त्याचे पाय हलके पडू लागतात आणि वाकलेली पाठ सैल होते. असे करणे धोक्याचे आहे, कारण ट्रॉली अचानक थांबली तर सावरावयास जागा राहत नाही. तथापि त्यामागील तत्त्व त्याच्या पायांना नेमके ठाऊक असते. पुढे चालणारी वस्तू हवा फोडते, आणि मागून येणाऱ्याचे तेवढे श्रम वाचतात.

हीच कृती वेगळ्या रस्त्यावर अपराध ठरते. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीजवळील मिरामार येथे 'आयर्नमॅन ७०.३' या नावाची स्पर्धा भारतात प्रथमच भरली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल चालविणे आणि अखेरीस २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप असते. तिन्ही अंतरे मैलांत मोजून त्यांची बेरीज केली असता ७०.३ हा आकडा येतो. त्या पहिल्या वर्षी पुरुषांत लष्करातील बिश्वोरजित सिंग सायखोम हे विजयी झाले. अशा स्पर्धेत पुढील सायकलस्वाराच्या आडोशाने जाणे निषिद्ध असते. दोन सायकलींमध्ये ठरावीक अंतर राखावे लागते आणि ते न राखणाऱ्यास पाच मिनिटे खोळंबून उभे राहण्याचा दंड भोगावा लागतो.

हे अंतर किती असावे, याविषयी जगभरच्या खेळाडूंत आणि पंचांत दीर्घकाळ वाद चालू आहे. कोणी १२ मीटर पुरेसे मानतात, तर कोणी २० मीटरांचा आग्रह धरतात. या वादात पदार्थविज्ञान काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एक शब्द आरंभीच निश्चित करू. या क्रियेला खेळाडू 'ड्राफ्टिंग' म्हणतात. मराठीत वाऱ्यापासून बचाव करणाऱ्या वस्तूला आडोसा म्हणण्याची रूढी आहे. दिवा विझू नये म्हणून आपण हाताचा आडोसा धरतो. येथे नेमकी हीच कल्पना असल्यामुळे पुढील विवेचनात 'आडोसा' हाच शब्द योजला आहे.

२. हवेचा विरोध

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचे बहुतेक श्रम हवा बाजूला सारण्यात खर्ची पडतात. हा विरोध, म्हणजे वातरोध, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास वातरोध चौपट होतो आणि शक्ती आठपट लागते.

उदाहरणादाखल असा एक सायकलस्वार घेऊ, की ज्याचे सायकलीसह वजन ८० किलोग्रॅम आहे आणि जो हँडलवर ओणवा होऊन ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे. त्याच्या शरीराच्या आकारास योग्य ती मूल्ये धरल्यास वातरोध सुमारे १५ न्यूटन येतो व त्यासाठी १५० वॅट शक्ती लागते. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणापायी आणखी सुमारे ३१ वॅट जातात. एकूण १८१ वॅटपैकी पाचांतील चार हिश्श्यांहून अधिक शक्ती एकट्या हवेने घेतली.

आता या सायकलस्वाराच्या मागे काय घडते ते पाहू. त्याच्या शरीराने दुभागलेली हवा पाठीमागे लगेच सांधली जात नाही. तेथे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी खळबळलेला एक पट्टा निर्माण होतो आणि त्या पट्ट्यातील हवा काही अंशी सायकलस्वाराबरोबरच पुढे ओढली जाते. मागून येणाऱ्याला अशी हवा भेटते, की जी आधीच त्याच्या दिशेने चालू लागलेली आहे. साहजिकच त्याला तिचा विरोध कमी जाणवतो.

हा लाभ किती मोठा असतो, याचे मापन अमेरिकेतील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केले. रस्त्यावर सायकल चालविणाऱ्यांनी किती प्राणवायू वापरला, हे त्यांनी मोजले. ताशी ३२ किलोमीटर वेगाने एका सायकलस्वाराच्या अगदी मागे राहिल्यास प्राणवायूची गरज सरासरी १८ टक्क्यांनी घटली. ताशी ४० किलोमीटर वेगास ही घट २७ टक्के झाली. आठ जणांच्या घोळक्यामागे ती ३९ टक्के, आणि मोटारगाडीच्या मागे तर ६२ टक्के भरली. सरोजिनी नगरचा सायकलस्वार ट्रॉलीच का निवडतो, याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

पुढच्या माणसाचे यात काही नुकसान होते काय? मुळीच नाही. बेल्जियन अभियंते बेर्ट ब्लोकेन व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार, मागे कोणी अगदी चिकटून आल्यास पुढच्याचाही वातरोध किंचित, जास्तीत जास्त २.६ टक्क्यांनी, कमी होतो. मागील सायकलस्वारामुळे पुढच्याच्या पाठीशी असलेला कमी दाबाचा प्रदेश काहीसा भरून निघतो, हे त्याचे कारण होय.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आडोसा घेणारा पुढच्याचे काही हिरावून घेत नाही. अन्याय होतो तो तिसऱ्या माणसावर : जो या दोघांच्या मागे, नियमाप्रमाणे अंतर राखून, सर्व वारा एकटा अंगावर घेत चाललेला असतो त्याच्यावर. आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेत स्त्री-पुरुषांच्या वयोगटांतून जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेसाठी मोजक्या जागा दिल्या जातात. वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या माणसाची जागा मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने जाऊ शकते.

३. निषेध का आला?

सर्वच सायकलशर्यतींत आडोसा निषिद्ध आहे, असे मात्र नाही. मुंबई-पुणे सायकलशर्यतीत सायकलस्वार घोळक्याने जातात, पुढे राहण्याची पाळी वाटून घेतात आणि योग्य क्षणी घोळका सोडून निसटतात. कोणाच्या मागे किती वेळ राहावे, हे ओळखणे हेच तेथे कौशल्य असते. १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास ब्लोकेन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की घोळक्याच्या मागील मध्यभागी असलेल्यास एकट्या सायकलस्वाराच्या वातरोधाचा केवळ ५ ते १० टक्के भाग सोसावा लागतो.

ट्रायॅथलॉनची कल्पना निराळी होती. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली, तेव्हा अवघे १५ स्पर्धक निघाले आणि त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. १८० किलोमीटरांच्या रस्त्यावर पंधरा माणसे विखुरल्यावर आडोशाचा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्येकाने आपल्याच बळावर पल्ला गाठावयाचा, हा संकेत तेथे आपोआप पाळला गेला. पुढे स्पर्धकांची संख्या शेकड्यांवर आणि हजारांवर गेली, तेव्हा त्या संकेताचा नियम करणे भाग पडले. लघु पल्ल्याच्या स्पर्धांनी वेगळी वाट धरली : १९९५ पासून अव्वल खेळाडूंना आडोशाची मोकळीक मिळाली, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायॅथलॉनचा प्रवेश झाला तो याच मोकळ्या पद्धतीने. दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धांत मात्र जुना संकेत टिकून राहिला.

आज आयर्नमॅन स्पर्धेत हौशी खेळाडूंसाठी नियम असा आहे : पुढील सायकलीच्या पुढच्या चाकाच्या कडेपासून मागील सायकलीच्या पुढच्या चाकाच्या कडेपर्यंत १२ मीटर अंतर असावे. या क्षेत्रात शिरावयाचे ते ओलांडून पुढे जाण्यासाठीच. आणि एकदा शिरल्यावर २५ सेकंदांत पुढे गेले पाहिजे. ज्याला मागे टाकले त्याने स्वतः मागे सरून पुन्हा अंतर निर्माण करावे. या नियमाच्या इतिहासात ७ आणि १० मीटर हे आकडेही येऊन गेले आहेत. व्यावसायिक खेळाडूंच्या काही स्पर्धांत, उदाहरणार्थ २०२० साली डेटोना येथे झालेल्या स्पर्धेत, २० मीटर अंतर योजिले गेले.

४. लाभ कोठे संपतो?

वादातील पहिला पक्ष म्हणतो, की आडोशाचा लाभ ज्या अंतरावर संपतो तेथेच रेषा ओढावी. हे म्हणणे तर्कशुद्ध वाटते. परंतु असे अंतर निसर्गात नाही. मागे खळबळलेला पट्टा जसजसा दूर जातो तसतसा तो रुंदावतो आणि क्षीण होतो. तो एखाद्या भिंतीशी येऊन थांबत नाही. मोटारसायकलमागील हवेच्या अभ्यासात तर ५० मीटरांवरही सायकलस्वारास काही लाभ राहतो, असे आढळून आले आहे. सायकलस्वाराचा आकार लहान असल्याने त्याचा पट्टा लवकर विरतो, पण १२ मीटरांवर तो शून्य होतो असे म्हणता येणार नाही. शिवाय पुढे एका माणसाऐवजी दहा माणसांची रांग असली, तर त्या सर्वांनी मिळून ओढलेली हवा मागच्याला मिळते.

मग थोड्याशा लाभाने काय बिघडते, असे कोणी विचारील. याचे उत्तर मघाच्या उदाहरणावरून काढता येते. समजा, आपल्या सायकलस्वाराचा वातरोध अवघा ५ टक्क्यांनी घटला आणि त्याने शक्ती तेवढीच ठेवली. त्याचा वेग सेकंदाला १० मीटरांवरून सुमारे १०.१६ मीटर होईल. ९० किलोमीटरांस त्याला अडीच तास लागत होते. आता सुमारे २ मिनिटे २४ सेकंद कमी लागतील. आणि वातरोध ३० टक्क्यांनी घटला, म्हणजे तो सतत कोणाच्या तरी चाकाला चिकटून राहिला, तर त्याचे पंधरा मिनिटांहून अधिक वाचतील.

या दोन आकड्यांशेजारी पाच मिनिटांचा दंड ठेवून पाहावा. संपूर्ण वाट आडोशाने काटणारा एकदा सापडला आणि त्याने दंड भोगला, तरी त्याच्या पदरी दहा मिनिटांचा लाभ उरतोच. शिवाय धावण्यासाठी पाय ताजे राहतात ते निराळेच. अनेकदा सापडल्यास तो स्पर्धेतून बाद होतो हे खरे, परंतु सापडणे न सापडणे पंचांच्या नजरेवर अवलंबून असते.

५. अंतर वाढविल्यास काय घडते?

येथवरच्या विवेचनावरून २० मीटरांचा पक्ष बळकट वाटेल. पण या गणिताला दुसरी बाजू आहे.

पहिली अडचण ओलांडण्याची. १२ मीटर अंतर २५ सेकंदांत कापावयाचे तर पुढच्याहून ताशी सुमारे १.७ किलोमीटर अधिक वेग हवा. ताशी ३६ किलोमीटर वेगावर त्यासाठी हवेवर खर्च होणारी शक्ती १५ टक्क्यांनी वाढवावी लागते. अंतर २० मीटर केले आणि वेळ तेवढाच ठेवला, तर वेगातील फरक ताशी २.९ किलोमीटर व शक्तीतील वाढ सुमारे २६ टक्के होते. म्हणजे दोघांत किंचितच सरस असलेला खेळाडू नियम पाळून पुढे जाऊच शकत नाही. त्याला मागे अडकून राहावे लागते. अंतर वाढवावयाचे तर ओलांडण्याचा अवधीही वाढविणे क्रमप्राप्त आहे.

दुसरी अडचण रस्त्याच्या सामावण्याच्या शक्तीची, आणि तीच अधिक मूलभूत आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार मिनिटाला ५०० मीटर जातो. प्रत्येकाने १२ मीटर राखले, तर एका रांगेत मिनिटाला जास्तीत जास्त ४१ सायकली सुटू शकतात. २० मीटर राखावयाचे तर केवळ २५. आता समजा, एक हजार स्पर्धक चाळीस मिनिटांच्या अवधीत पाण्याबाहेर येऊन सायकलीवर स्वार झाले. सरासरी मिनिटाला २५ झाली. म्हणजे २० मीटरांची मर्यादा सरासरीनेच गाठली. पण माणसे सरासरीने पाण्याबाहेर येत नाहीत. फार जलद पोहणारे थोडे, फार संथ पोहणारेही थोडे आणि मधल्या वेळात येणारे पुष्कळ. त्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत मिनिटाला ५० सायकली रस्त्यावर आल्या, तर त्यांच्यातील सरासरी अंतर १० मीटरच भरते. अशा वेळी १२ मीटरांचा नियमदेखील कोणालाच पाळता येत नाही, मग त्याचे मन कितीही सचोटीचे असो.

यावरून असे दिसेल, की अंतराचा नियम हा वस्तुतः पोहण्यास सोडण्याच्या पद्धतीशी बांधलेला आहे. सर्वांना एकदम पाण्यात सोडण्याऐवजी काही सेकंदांच्या अंतराने थोड्या थोड्या जणांना सोडले, तर रस्त्यावरची दाटी आपोआप विरळ होते. व्यावसायिक खेळाडू मोजकेच असल्याने त्यांना २० मीटर राखणे शक्य असते. हजार हौशी स्पर्धकांच्या रस्त्यावर तोच आकडा छापला, तर तो कागदावरच राहील.

६. चढाची गंमत

तिसरी अडचण चढउतारांची आहे, आणि कोकण-गोव्याच्या किंवा घाटमाथ्याच्या रस्त्यांवर ती विशेष जाणवते. बारा मीटरांचे अंतर राखून ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाललेली एक रांग कल्पावी. प्रत्येक सायकल पुढचीच्या १.२ सेकंद मागे आहे. आता चढ लागला आणि वेग ताशी १८ किलोमीटरांवर आला. प्रत्येकजण चढाच्या पायथ्याशी १.२ सेकंदांच्याच फरकाने पोचतो. परंतु तेवढ्या वेळात आता पुढचा ६ मीटरच पुढे सरकलेला असतो. कोणीही काही गैर न करता संपूर्ण रांग नियमभंगाच्या क्षेत्रात येऊन पडते!

मौज अशी, की येथे आडोशाचा लाभही नाममात्र असतो. शेकडा ५ चढावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना हवेचा विरोध जेमतेम ३-४ न्यूटन असतो, तर चढापायी सोसावे लागणारे बल ३९ न्यूटन. म्हणूनच मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट येताच घोळके फुटतात, आणि 'घाटांचा राजा' कोण हे ज्याच्या त्याच्या पायांच्या बळावर ठरते. मीटरांतील नियम मैदानावर सैल आणि चढावर कडक ठरतो. लाभाचे प्रमाण मात्र नेमके उलट असते. जाणता पंच चढावर थोडे सांभाळून घेतो आणि सपाटीवर डोळ्यात तेल घालून पाहतो, ते यामुळेच.

७. मोजावे कसे?

शेवटचा प्रश्न मापनाचा. धावत्या मोटारसायकलवर बसून दोन सायकलींतील अंतर १२ मीटर की १०, हे केवळ नजरेने ठरविणे अवघड आहे. त्यातून पंचाची मोटारसायकल स्पर्धकांच्या पुढे राहिली, तर ती स्वतःच आडोसा पुरविते. या अडचणीवर उपाय म्हणून न्यूझीलंडमध्ये एक उपकरण तयार झाले असून २०२३ पासून ते व्यावसायिकांच्या स्पर्धांत वापरात आले. दोन सायकलींवरील यंत्रे परस्परांतील अंतर मोजतात आणि पुढील सायकलीच्या मागच्या बाजूस असलेल्या दिव्याचा रंग बदलून मागच्यास इशारा देतात. दंड करण्यापूर्वी सावध करणे, हा त्याचा मोठा गुण होय.

ज्यांच्याजवळ असे उपकरण नाही, त्यांना कालमापनाचा आधार घेता येईल. पुढच्याचे पुढील चाक रस्त्यावरच्या एखाद्या खुणेवरून गेले, की मोजावयास लागावे. ताशी ३६ किलोमीटर वेगावर आपले पुढील चाक त्या खुणेशी १.२ सेकंदांनंतर, आणि ताशी ३० किलोमीटर वेगावर सुमारे १.४ सेकंदांनंतर आले, तर १२ मीटर अंतर आहे. दीड सेकंद मोजण्याची सवय लावून घेतल्यास या वेगांना सपाटीवर मनुष्य सहसा चुकत नाही.

८. समारोप

तात्पर्य, १२ किंवा २० हे निसर्गाचे स्थिरांक नव्हेत. प्रकाशाचा वेग शोधून काढता येतो. आडोशाचे अंतर ठरवावे लागते. ते ठरविताना तीन गोष्टी एकत्र तोलाव्या लागतात : मागच्यास लाभ किती उरतो, रस्त्यावर सायकली किती मावतात आणि नियमभंग पकडता येतो की नाही. पहिल्या गोष्टीकडेच पाहणारा अंतर वाढवीत नेईल आणि कोणालाच न पाळता येणारा नियम करून बसेल. दुसरीकडेच पाहणारा अंतर इतके कमी करील, की नियम असून नसल्यासारखा होईल. जेथे स्पर्धक थोडे व रस्ता मोकळा, तेथे २० मीटर योग्य आहेत. जेथे हजारांची गर्दी, तेथे १२ मीटरच ठेवावे; पण पाण्यात सोडण्याची गती रस्त्याच्या मानाने बांधावी, म्हणजे ते १२ मीटर खरोखरीच पाळता येतील.

कानपूर रस्त्यावरचा सायकलस्वार ट्रॉलीचा आडोसा घेतो, तेव्हा तो जीव धोक्यात घालतो तो स्वतःचा. त्यामुळे कोणाची पाळी चुकत नाही की कोणाचे स्थान जात नाही. शर्यतीत मात्र मागे कोणी तरी तिसरा असतो, जो वारा अंगावर घेत नियमाने चाललेला असतो. अंतर किती मीटरांचे असावे, हा वाद पुढेही चालू राहील. तो करताना त्या तिसऱ्या सायकलस्वाराची आठवण ठेवली, म्हणजे नियम कोणासाठी केला आहे याचा विसर पडणार नाही.